अंगठ्याचा निर्णय

जर्मनीत एर्लांगेनला आल्यापासून वसुधाबाईंचं जर्मन पाव-दुधाच्या पुढे सरकलं नव्हतं. बाकी सगळं श्रीनाथराव बोलायचे. नवरा संशोधनाला आलेला, फाडफाड जर्मन बोलणारा. बाईंना त्याचं कोण कौतुक!

१९६३च्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका असह्य झाला. सांधा झिजला होता. बरणीचं झाकण उघडेना, आणि पेटी तर बंदच पडली. पुण्यात वीस वर्षं पेटी शिकवलेली बाई ती; अंगठा बोटांखालून सरकला नाही तर वाजवणार काय, कपाळ?

सर्जनने दोन उपाय सांगितले आणि श्रीनाथरावांनी ते मराठीत नीट समजावले. हाडं एकमेकांना जोडायची. दुखणं जाईल, पकड घट्ट होईल, पण सांधा कायमचा हलणार नाही. नाहीतर मुळाशी असलेलं छोटं हाड काढायचं. अंगठा हलेल, जोर मात्र कमी राहील.

"अहो, मला हलणारा हवा. जोर नसला तरी चालेल."

श्रीनाथराव डॉक्टरांशी बराच वेळ बोलले. डॉक्टरांनी बाईंकडे बघून काहीतरी विचारलं, मग पुन्हा विचारलं. नवऱ्याने मान डोलावली तशी बाईंनीही डोलावली. होकाराचं जर्मन 'या' तेवढं त्यांना येत होतं. ते दोनदा म्हणून त्यांनी सही केली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी श्रीनाथरावांना प्रयोगशाळेतून सुटता येईना, म्हणून तिथेच डॉक्टरेट करणारी शुभा सोबत आली. बाईंनी अंगठा वळवून पाहिला. टोक वाकलं, मूळ जागचं हललं नाही.

"हा मोकळा कधी होणार? विचार ना गं."

शुभाने विचारलं. डॉक्टर चकित झाले. त्यांनी कागद काढून वाचून दाखवला.

"काकू, हाडं जोडलीत. तुम्हालाच तसं हवं होतं म्हणे. पेटी सोडली आहे, घरकामाला घट्ट हात हवा, असं लिहिलंय."

चोवीस वर्षांचा संसार, आणि या माणसाने शेजारी बसून, त्यांच्या देखत त्यांना फसवलं होतं. वर होकारही त्यांच्याच तोंडून घेतला होता.

संध्याकाळी श्रीनाथराव हसतच घरात आले. "गेलं ना दुखणं? काय म्हणाले डॉक्टर?"

"तुम्ही माझ्या नावाने काय काय बोललात, ते म्हणाले."

श्रीनाथराव कोट काढता काढता थांबले. "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं मी."

"मग ते मला मराठीत सांगायचं होतंत."