गुणाबाईचं दुसरं ताट

जळकोटला आमच्या गल्लीत गुणाबाईनं ओवाळायला दोन ताटं मांडली होती. दोन्हींत लाल कापड, कापडावर तांदूळ. तिचा लेक हनुमंत फौजेत हवालदार. त्याला सेना मेडल दुसऱ्यांदा मिळालं होतं, अन् "माझ्या लेकाला दोन पदकं हायत" हे तिनं पार हदगावच्या सोयऱ्यांपर्यंत पोचवलं होतं.

हनुमंत जीपमधून उतरला. वर्दीवर पदक एकच.

माणसांनी आधी त्याची छाती बघितली, मग ताटं, मग गुणाबाईचं तोंड. शेजारचा शिवप्पा बोललाच, "काकू, दुसरं कुठं ठेवलंय? का एकच होतं?"

गुणाबाईचा हात ताटावरच थांबला. अशा वेळी माझं तोंड आपोआप चालतं.

"दुसरं लई जड हाय," मी म्हणालो. "विमानवाल्यानं चढवूच दिलं न्हाई. लातूरहून ट्रकात येतंय. वाटेत चाक रुतलं, आता बैल जुंपलेत."

अर्ध्या गल्लीनं मान डोलावली. दोघं तर रस्त्यावर बघायला गेले.

"अण्णाराव काका, गप बसा हो," हनुमंत हसला. "आई, दुसरं पदक येणार न्हाई. देतच न्हाईत."

"मंग मी गावभर लबाड बोलले?"

"न्हाई गं. हे बघ." त्यानं पदकाच्या फितीवर बोट ठेवलं. तिथं चांदीसारखी बारीक आडवी पट्टी होती. "तेच पदक पुन्हा मिळालं की फितीवर ही पट्टी चढते. आणखी मिळालं तर आणखी एक."

"एवढीशी?" शिवप्पा म्हणाला. "सरकारनं धातू वाचवला."

मीही चष्मा पुसून वाकलो. एवढ्या बारक्या वस्तूत एवढी मोठी गोष्ट बसवणं मला जन्मात जमलं नसतं.

गुणाबाई शिवप्पाकडं वळली. "तुझा सर्ज्या बैल दुसऱ्यांदा शंकरपटाची शर्यत जिंकला, तवा त्याच्या गळ्यात दुसरी घंटा बांधलीस का रं?"

"न्हाई. पट्ट्यात एक कवडी वाढवली."

"अन् ती एक कवडी बाजारभर दाखवत हिंडलास."

शिवप्पा टोपी नीट करू लागला.

गुणाबाईनं फितीवरून अंगठा फिरवला. "अजून किती बसतील इथं?"

"बसतील एक-दोन."

"ही दुसरी कशानं मिळाली?"

हनुमंतानं नुसतंच जीपकडं बघितलं. तिनं अंगठा उचलला.

"ऱ्हाऊ दे. उरलेली जागा रिकामी ऱ्हाऊ दे."

मग तिनं लेकाला ओवाळलं. एकदा पदकावरून, एकदा पट्टीवरून. दुसऱ्या ताटातले तांदूळ बाजूला केले, त्यात पेढ्यांचा पुडा ओतला आणि ते ताट आधी माझ्यापुढं धरलं.

"घ्या भावजी," ती म्हणाली. "तुमचा ट्रक आला."