कळंबोलीच्या काट्यावरचा चोर

धनेशला मुलगी झाली ते साल दोन हजार बावीस. घरात बारशाची तयारी चालली होती आणि त्याच आठवड्यात तिच्या आज्याला, धनेशच्या बापाला, जासईच्या नामदेव घरतला, कंपनीच्या गेटवर चारचौघांत चोर म्हटलं गेलं.

नामदेव कळंबोलीच्या लोखंड बाजारात कंपनीच्या वजनकाट्यावर बसे. ट्रकचं वजन घ्यायचं आणि फोनच्या लायनीवरून जासईच्या ऑफिसातल्या मशीनला कळवायचं. मशीन जुनं, युनिक्सवर चालणारं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. दोन्हीकडे फोनला एकेक मोडेमचा डबा, मशीनचं बोलणं फोनवरून नेणारा. नाव आणि पासवर्ड टाकला की मशीन आत घेई. वर्षानुवर्षं घेत आलं होतं.

त्या पावसाळ्यात ऑफिसातलं मोडेम जळलं. नवे मॅनेजर शिवतेज साहेब, त्यांनी भंगारातून दुसरं आणून स्वतःच जोडलं. तेव्हापासून मशीन नामदेवला आत घेईना. फोन उचले आणि मुकं बसे. कधी तर नाव टाकायच्या आधीच 'लॉगिन चुकीचं' म्हणून मोकळं होई. नामदेवने परत परत तक्रार केली. साहेबांनी उलट मशीनच्या नोंदी पाहिल्या आणि ठरवून टाकलं, की कोणीतरी खोटी नावं टाकून आत शिरायला बघतंय.

"त्या मशीनला फोन फक्त तुमचाच येतो, काका," साहेब जासईच्या ऑफिसच्या गेटवर म्हणाले. ड्रायव्हर, वॉचमन सगळे उभे होते. "वजनं बदलून लोखंड बाहेर काढायचं होतं ना? उद्यापासून येऊ नका. चोरांना इथं जागा नाही."

नामदेवच्या कानशिलात आग उठली. ते गेट जिथं उभं होतं, तिथं कंपनी यायच्या आधी त्याच्या बापाची भाताची खाचरं होती.

"जमीन आमची, काटा तुमचा, आन् चोर मी?"

घरी त्याची बायको गोजरा म्हणाली, "बारशाला लोक इचारतील, आजा कामावर का नाय? काय सांगू? मशीननं चोर ठरवला?"

नामदेव रोज गेटवर जाऊन एकच सांगू लागला. मशीन माझ्यासमोर तपासा. शेवटी कटकट मिटावी म्हणून साहेबांनी महापेहून संघमित्रा नावाच्या इंजिनीयर बाईला बोलावलं.

तिने नोंदी वाचल्या आणि हसली. "सर, या चोराने स्वतःचं नाव 'लॉगिन' सांगितलंय. पुढच्या वेळी 'पासवर्ड'. असलं नाव कोण ठेवतं?"

मग तिने मोडेममधून फोनची वायर उपटली आणि हातात धरली. "आता बाहेरून कोणी येऊच शकत नाही. बघा."

पडद्यावर नवी नोंद उमटली. मागोमाग आणखी एक.

"मशीन विचारतं, 'लॉगिन?' म्हणजे नाव काय? हे मोडेम ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलतं. मशीनला वाटतं, माणूस बोलला. असं सारखं झालं की मशीन ती लाइन थोडा वेळ बंदच करतं. तेव्हा काकांचा फोन आला तर उत्तर कोण देणार? मोडेम बसवलं कोणी?"

संघमित्राने मोडेमला परत बोलणं बंद करायची आज्ञा दिली आणि वीज गेली तरी ती राहावी म्हणून मोडेममध्येच साठवली. नोंदी थांबल्या.

"चला, मिटलं!" साहेब म्हणाले. "काका, उद्यापासून या. टेन्शन नको. चहा घ्या."

"चोर कुठं बोललात मना?"

"अहो, रागात जातं तोंडातून..."

"गेटवर बोललात. मंग चहा हितं कशाला पाजता?"

तो उठला आणि जासईच्या गेटवर ट्रेलर तोलायचा जो दुसरा काटा होता, त्याच्यावर मधोमध मांडी घालून बसला. मागे ट्रेलर तुंबले. हॉर्न वाजू लागले.

"काका, उठा की! तुमचं वजन माझ्या मालात धरतील!" एक ड्रायव्हर ओरडला.

"धरू दे. साहेबाला वजनच कलतं."

अखेर साहेब बाहेर आले. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले.

"मागे ऐकायला येत नाय, साहेब!" त्याच ड्रायव्हरने टोला हाणला.

"नामदेव काकांनी काही केलेलं नाही," साहेब मोठ्याने म्हणाले. "मोडेम मी बसवलं होतं. चूक माझी."

नामदेवने लेंगा झटकला आणि काटा मोकळा केला.

बारशाला तो ड्रायव्हर न बोलावता आला. मुलीचं नाव सोनल ठेवलं. नामदेव कामावर परत गेला, पण त्या ऑफिसातला चहा त्याने पुन्हा कधी घेतला नाही. दोन हजार चोवीसच्या मार्गशीर्षात नामदेव घरत जासईला राहत्या घरी वारला.