पाचवा नियम

१९६१ साली मी उरणच्या एका हायस्कुलात अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गाला, मराठी शिकवत होतो. पुण्याहून आलेलो, अंगात भलता उत्साह, आणि खाडीकाठच्या या पोरांना शहाणं करायला आपणच जन्मलो आहोत असा पक्का समज. शनिवारी शेवटच्या तासाला मी त्यांना अभ्यासक्रमाबाहेरची एक कादंबरी वाचून दाखवत असे. तिच्यातल्या शहरात रडायलाही परवाना लागतो, आणि एक कारकून परवान्याशिवाय रडतो. उपहास म्हणजे काय ते कळावं म्हणून मी एकदा सांगितलं, अशाच एखाद्या शहराचे पाच नियम मनाने रचून आणा. सुचेल तेवढी अतिशयोक्ती करा.

सगुणाची वही मला सगळ्यात आवडली. हिरामण नाखव्याची ही मुलगी, तिच्या कोळीवाड्यातून मॅट्रिकला बसणारी पहिलीच. तिला मास्तरीण व्हायचं होतं. पुढच्या शनिवारी मी तिचे नियम वर्गात मोठ्याने वाचले. पंचांचं न ऐकणाऱ्याच्या होडीवर कुणी चढायचं नाही. त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्याच्याशी बोलेल तोही बाहेर. त्याच्या घरचं मढं गावाने उचलायचं नाही. आणि पाचवा, हे नियम गावाबाहेर बोलायचे नाहीत.

"मढ्यालाही शिक्षा! याला म्हणतात कल्पनाशक्ती," असं म्हणून मी पोट धरून हसलो. बाजारपेठेतली मुलंही हसली. सगुणाच्या गावची तीन मुलं तेवढी हसली नाहीत. ती स्वतः खाली मान घालून बसली होती. तिने यातलं एक अक्षरही मनाने रचलं नव्हतं, हे माझ्या टाळक्यात तेव्हाही शिरलं नाही.

सोमवारी तिची जागा रिकामी होती. त्या तिघांपैकी एकाला खोदून विचारलं तेव्हा कळलं, रविवारी पंच बसले होते. गावाची अब्रू वेशीला टांगली म्हणून हिरामणने मुलीची शाळा बंद करायची, नाहीतर घर वाळीत.

मी तडक त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर जाळं सांधत होता, आत त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. मी माफी मागितली, आणि जित्याची खोड म्हणतात तसा लगेच उपदेशही सुरू केला. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, कायदा झालाय, फौजदाराकडे मी स्वतः येतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कायदा हाय, ठाव हाय मना," तो म्हणाला. "पन मास्तर, माजे आयेला खांदा द्यायला फौजदार येल का?"

मी येईन, असं मी म्हणालो.

"तुमी एक, मी दुसरा. बाकीचे दोन?"

तेवढ्यात सगुणा बाहेर आली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. गोष्ट अर्धीच राहिली, त्या कारकुनाचं पुढे काय होतं, असं तिने विचारलं. पुस्तकात तो शेवटी स्वतःच लोकांचे परवाने तपासायला लागतो. माझ्याने ते सांगवेना.

"तो पळून जातो," मी म्हणालो.

"आनि त्याचे घरचे?"

तिने विचारलं. मग ती टोपली पुढे ओढून मासळी निवडायला बसली.