बियाण्याचे दुधी

"हात काढ आधी!"

बागबाई वाफ्याच्या टोकावरून ओरडली, तशी शिवणवाली दचकली. तिचा हात दुधीवर होता आणि त्या दुधीच्या देठाला लाल दोरा बांधलेला होता. बाकीच्या बायका कामं टाकून बघायला लागल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

बागबाई म्हणजे एका समाजसेवी संस्थेने नेमलेली शिक्षिका. पाण्याच्या टाकीमागच्या पडीक जागेत वस्तीतल्या बायकांना भाजी पिकवायला शिकवायचं, हे तिचं काम. कारखाना बंद पडल्यापासून वस्तीत दोन वेळच्या जेवणाचे वांधे होते. माती भुसभुशीत करण्यापासून तिने सगळं शिकवलं, पण तिचा खरा जीव बियाण्यात. दर हंगामाला संस्थेपुढे हात पसरायचा तिला मनस्वी तिटकारा. म्हणून वेलावरचे सगळ्यात देखणे दुधी राखायचे, वेलावरच वाळू द्यायचे आणि पुढचं बी आपलं आपण काढायचं. ओळखायला लाल दोरा. तो बांधला की त्या फळाला कुणी हात लावायचा नाही. दोऱ्याचं रीळ शिवणवालीनेच आणून दिलं होतं. शिवायला कुणी काही टाकत नव्हतं, रीळ घरात नुसतं पडून होतं.

"घरात काही नाही हो, बाई," शिवणवाली हळूच म्हणाली. "आमचे हे अंथरुणाला खिळलेत. माझ्या वाट्याची भाजी कालच संपली. हा कोवळा आहे अजून. चार दिवसांनी निबर होईल."

"निबरच व्हायला हवाय तो! आज तुला दिला की उद्या हिला, परवा तिला. मग पुढच्या हंगामात काय पेरायचं, दोरे?"

बायका फिदीफिदी हसल्या. शिवणवालीही ओशाळून हसली आणि रिकामी पिशवी काखेत मारून निघून गेली. बागबाईला वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम, असं तिने मनाला बजावलं. बजावताना तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, हे त्याहून वाईट.

पुढच्या आठवड्यात संस्थेचे साहेब देणगीदार पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी कुदळ उचलली, फोटो निघाला, कुदळ खाली गेली. मग साहेबांची नजर वेलावर गेली.

"वा, काय दुधी आहेत! बाई, हे सगळे पाहुण्यांच्या गाडीत ठेवा."

बागबाई घाईने पुढे झाली. "साहेब, ते बियाण्याचे आहेत. आता खायच्या कामाचे नाहीत आणि आतलं बीही अजून तयार नाही."

"अहो, बियांचं काय एवढं? पाकिटं पाठवू की! पाहुणे खूश झाले तर बागेचं पाणी चालू राहील. नाहीतर ही जागा सोडायचं वर घाटतंच आहे."

साहेबांनी हे हसत हसत सांगितलं. कात्री बागबाईच्या कमरेलाच होती. बायकांकडे न बघता तिने एकेक देठ आपल्या हाताने कापला. दोरे बरे दिसत नाहीत, असं एक पाहुण्या बाई म्हणाल्या, तेव्हा तिने तेही सोडून मातीत टाकले. ना पोटाला, ना पेरणीला, असे ते दुधी गाडीत गडगडत गेले. दोन दिवसांत कुठल्यातरी कचऱ्यात पडणार, हे तिला ठाऊक होतं.

गाडी गेली. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बागबाईला बरं वाटलं असतं.

शिवणवाली वाफ्यात उतरली. वाकून तिने मातीतले दोरे वेचले, झटकले आणि बोटाभोवती गुंडाळले.

"राहू दे गं," बागबाई कशीबशी म्हणाली. "पुढच्या खेपेला लागतील."

"दोरा माझा आहे, बाई," शिवणवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. "यांच्या सदऱ्याला बटण लावायला होईल."

जाताना तिने आपली झारी विसळली आणि रोजच्यासारखी टाकीपाशी पालथी घातली. तिच्यामागोमाग बाकीच्याही एकेक करून निघाल्या. पाणी घालायची वेळ झाली होती. बागबाईने झारी उचलली आणि सगळे वाफे एकटीने भिजवले, तो रिकामा वेलसुद्धा.