कुणाला त्रास नाही अशी जागा

निवडून आली तरी तिला नगरसेविका असं कुणी म्हणत नसे. उमेदीची सगळी वर्षं तिने सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली होती, त्यामुळे वॉर्डातल्या लहानथोरांची ती सिस्टरच राहिली. तिच्या नवऱ्याला लोक ‘सिस्टरचे मिस्टर’ म्हणत, आणि तो बिचारा त्यालाही ओ देई.

दवाखान्यात असतानाच तिच्या ध्यानात आलं होतं की भाजीबाजारातल्या बायका सारखं एकच दुखणं घेऊन येतात. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळा, मधूनच ताप. औषधाने बरं वाटायचं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कारण उघड होतं. उजाडताना पाट्या मांडायच्या, दिवेलागणीनंतर आवरायच्या, आणि मधल्या वेळात जायला जागा कुठेच नाही. म्हणून त्या पाणीच पीत नसत. पुरुष कुठल्यातरी भिंतीच्या आडोशाला मोकळे होऊन येत. बायांनी काय करायचं?

सिस्टर निवडणुकीला उभी राहिली ती याच कामासाठी. प्रचार दादाने अंगावर घेतला. वडील लवकर गेल्यावर तिला शिकवणारा, तिचं लग्न लावून देणारा हा थोरला भाऊ. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं भांड्यांचं दुकान होतं, मागे घर. “माझी बहीण बोलेल ते करून दाखवेल,” असं तो घसा बसेपर्यंत दारोदार सांगत फिरला.

नगरपरिषदेचे उंबरठे झिजवून तिने बाजारातल्या स्वच्छतागृहाला एकदाची मंजुरी मिळवली. अभियंता नकाशा घेऊन बाजारभर हिंडला आणि दादाच्या घराच्या मागच्या भिंतीलगत एक मोकळा तुकडा होता, तिथे येऊन थांबला.

“सिस्टर, हीच जागा. ड्रेनेजची लाईन इथूनच जाते, पाणीही जवळ आहे. दुसरीकडे न्यायचं तर खर्च वाढणार, आणि तेवढा मंजूर नाही.”

सिस्टरने एकदा त्या भिंतीकडे पाहिलं. ती तशीच दादाकडे गेली.

दादाने सगळं ऐकून घेतलं. पुसायला घेतलेलं पातेलं त्याने खाली ठेवलं. “गरज आहे, कोण नाही म्हणतं? पण माझ्याच उशाशी?”

“दादा, आपण स्वच्छता ठेवू. माणूस नेमू.”

“चार दिवस ठेवाल. मग तो माणूस येईनासा होईल, पाणी बंद पडेल. वास कुणाच्या ताटात येणार? नगराध्यक्षांच्या?”

बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहासमोरून सिस्टर स्वतःच नाक दाबून जात असे. ते तिच्याच नगरपरिषदेचं होतं.

मग तिने वाचनालयाशेजारची जागा सुचवली. खर्चाचं काहीतरी जमवू, असं ती मनाशी म्हणत होती. वाचनालयाचे चिटणीस हात जोडून म्हणाले, “सिस्टर, गरज आहेच. पण ज्ञानाच्या दारात?” कापडवाल्याला ते दुकानासमोर नको होतं, दाताच्या डॉक्टरला दवाखान्याखाली. गरज सगळ्यांना पटली होती, आणि प्रत्येकजण तिला प्रेमाने दुसऱ्याचं दार दाखवत होता.

नगराध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं. “या महिन्यात जागा ठरली नाही तर हे काम दुसऱ्या वॉर्डात जाईल. माझा नाइलाज आहे. तुम्ही एकमत करून आणा.”

सिस्टरने शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली, तीही बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे बायकांना येता येईल. ती पाटीपाटीपाशी जाऊन सांगून आली. बहुतेक बायका हसून म्हणाल्या, “आम्ही काय बोलणार, सिस्टर? तुम्हीच बोला की.” पालेभाजीवाली मावशी मात्र आणखी दोघींना घेऊन आली. बाजारात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. भाव करणाऱ्याला ती असं काही ऐकवी की आजूबाजूचे हसून लोळत. अनेक वर्षं ती दादाच्या दुकानाच्या कडेलाच बसत होती.

सभेत पुरुषच जास्त होते. वाहतूक, दुर्गंधी, दुकानांची शोभा, यांवर ते बराच वेळ बोलले. शेवटी सिस्टर उठली. “ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, त्यांना विचारू या का? मावशी, तुम्ही बोला.”

मावशी उभी राहिली. पदर सावरला. “आम्हाला... ती सोय पाहिजे,” एवढंच तिच्या तोंडून निघालं. हॉलमधले पुरुष जमिनीकडे बघू लागले. तिचा चेहरा लाल झाला.

“जागा कुठली हवी, तेही सांगा,” सिस्टर म्हणाली. दादाच्या घराच्या भिंतीलगतची जागा मावशीलाही माहीत होती. तिने नाव घेतलं असतं तर दादाला चारचौघांत नाही म्हणणं जड गेलं असतं.

मावशीने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

“जिथे कुणाला त्रास नाही, तिथे करा,” मावशी म्हणाली आणि खाली बसली.

हॉलने सुटकेचा श्वास टाकला. “बघा, किती समजूतदार!” चिटणीस म्हणाले, आणि कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

कुणाला त्रास नाही अशी एकच जागा निघाली. मोठ्या रस्त्यापलीकडे, बसडेपोच्या मागे, तिथे ड्रेनेजही होतं. बाजारातून तिथवर जायचं तर भरधाव वाहनांतून रस्ता ओलांडायचा, आणि येईपर्यंत पाटीकडे बघणार कोण? सिस्टरने नगरपरिषदेच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. नगराध्यक्षांनी शांतपणे ऐकलं. “मग विरोधात मत द्या. काम दुसरीकडे जाईल.” ठरावाच्या बाजूने तिनेही हात वर केला. ठराव एकमताने संमत झाला.

इमारत उभी राहिली. फीत कापताना सिस्टरला मधोमध उभं केलं. त्यानंतर ती अधूनमधून तिथे जाऊन बघे. डेपोतले चालक तिथे हातपाय धूत असत. बायकांच्या बाजूच्या दाराला कुलूप होतं. “कुणी येतच नाही, मग उघडं कशाला ठेवू?” राखणदार म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

एका दुपारी ती दादाकडे गेली. दादा दुकानात होता. वहिनीने तिला स्वयंपाकघरात बसवून चहा टाकला, तेवढ्यात मागचं दार हळूच वाजलं.

वहिनी एकदम गडबडली. “अगं, मावशी असेल. भरदुपारी येते ती, आपल्या मागच्या संडासात. खूप वर्षं झाली. ह्यांना माहीत आहे, पण ते माहीत नसल्यासारखं दाखवतात.” मग आवाज उतरवून म्हणाली, “एकीला येऊ देता येतं गं. सगळ्यांना कसं येऊ देणार? मी तिला बजावूनच ठेवलंय, बाजारात बोलायचं नाही.”

सभेत उभी राहिलेली मावशी सिस्टरच्या डोळ्यांसमोर आली. ह्या घराविरुद्ध एक शब्द, आणि हे दारही बंद.

वहिनीने कडी काढली. मावशी वाकून आत आली आणि सिस्टरला पाहून जागीच थबकली. बाजारात कुणाचंही ऐकून न घेणाऱ्या त्या बाईची नजर झरकन खाली गेली.

“ये, मावशी,” वहिनी म्हणाली.

वाट अरुंद होती. सिस्टर उठली आणि मावशीला जाता यावं म्हणून भिंतीला चिकटून उभी राहिली. मावशी अंग चोरून तिच्यासमोरून गेली. गॅसवर चहा उतू जायला लागला होता, आणि सिस्टर आणि वहिनी, दोघींपैकी कुणालाच गॅस बंद करायचं सुचलं नाही.