बेसनाचा भंडारा

काकासाहेब पाटलांना अंतःकरण फार होतं. चावडीवर बसले की सुपारीच्या डबीसारखं ते बाहेर काढायचे, चारचौघांना दाखवायचे आणि परत खिशात ठेवायचे. त्याच काकासाहेबांनी बायनाबाईची विहीर आपली आहे म्हणून सरकारात अर्ज ठोकला होता. बिचारीचा नवरा गेला, विहिरीला नवा मालक लगेच सुचला. दुसरं काय!

ती विहीर खोदताना हजर असलेला एकच माणूस आता जिवंत होता, तो इंद्रभान. बायनाबाईच्या नवऱ्याबरोबर त्यानंच तिथला खडक फोडला होता. महसुलाचा साहेब, गिरदावर, चौकशीला येणार, इंद्रभान बेलभंडारा उचलून जे सांगेल ते खरं धरणार, असं ठरलं. तळहातावर बेलाचं पान आणि खंडोबाची हळद घेऊन खोटं बोललं की घराचं वाटोळं होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"विहीर माझी म्हण. तुझ्या कांद्याला बराबर पाणी देतो," काकासाहेब म्हणाले.

इंद्रभानच्या कांद्यानं खरंच माना टाकल्या होत्या. तरी तो चाचरला. "पाटील, भंडारा उचलून खोटं कसं बोलू? लेकरं हायेत, मेंढरं हायेत."

"आरं येड्या, भंडारा उचलूच नको ना! भंडाऱ्याच्या थैलीत बेसन भर. पिवळं ते पिवळं. खंडोबापर्यंत शपथ पोचलीच न्हाई तर पाप कशाचं? अंतःकरण बिलकुल साफ!"

वा रे अंतःकरण! पण इंद्रभानला पटलं. पटायला कांदा डोळ्यांपुढं होताच. घरी येऊन त्यानं सगळा बेत बायकोला सांगितला आणि थैली तिच्या हातात दिली. सुगंधाबाईनं थैली झटकली. "बरं," एवढंच म्हणाली.

चावडी गच्च भरली होती. कोपऱ्यात बायनाबाई पदर दातात धरून बसलेली. इंद्रभाननं थैलीतली पिवळी चिमूट तळहातावर घेतली, वर बेलाचं पान ठेवलं. हाताला दरदरून घाम सुटलेला. बघतो तर तळहाताच्या रेषांत पिवळाजर्द रंग उतरलेला! बेसन काय रंग सोडतं व्हय? बायकोनं घात केला, खराच भंडारा भरला!

"इहीर बायनाबाईचीच हाय!" तो ओरडलाच. "मी सोता खडक फोडाया गेल्तो!"

गिरदावरानं विहीर बायनाबाईची ठरवली. काकासाहेब पहिल्यांदा काळेठिक्कर पडले. पण मोठी माणसं ती मोठीच. उठून त्यांनी इंद्रभानच्या पाठीवर थाप मारली. "मीच सांगितल्तं याला, अंतःकरणाला स्मरून बोल म्हणून!" लोकांनी मान डोलावली. इंद्रभान सत्यवचनी ठरला. इथून पुढं गावच्या पंचांत त्याला बसवायचं, हेही तिथंच ठरलं.

घरी येऊन तो बायकोवर उखडला. "भंडारा का भरलास गं?"

"कुठं? बेसनच व्हतं की," भाकरी-बेसन वाढत सुगंधाबाई म्हणाली. "चिमूटभर हळद कालवली, आपली घरातली. रंग नगं का यायला?"

"म्हंजी... ती खंडोबाची शपथ न्हवतीच?"

"न्हवती."

इंद्रभाननं कपाळावर हात मारला. "आगं, मंग मी फुकटच खरं बोलून बसलो की! कांदा गेला माझा!"

तेवढ्यात दारात बायनाबाई आली. तिचे डोळे भरून आले होते. "इंद्रभानभाऊ, माझ्या धन्यासंगं तुम्ही खडक फोडला, त्याला तुम्ही जागलात. उद्यापून कांद्याला पाणी न्या. इहीर तुमचीच समजा." दोन्ही हात जोडून ती निघून गेली.

इंद्रभान ताटाकडं वळला. तळहात धोतराला घासला, पुन्हा घासला. पिवळं काही जाईना. बेसनाचा घास तोंडात घातला, तो घशाखाली उतरेना. मेली लाज! तिच्या आड आता खंडोबाही नव्हता, पाटीलही नव्हता.

सुगंधाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"गिळा की," ती म्हणाली. "बेसनच हाय."