फाइलबाबांची सिद्ध डबी

"मेली मान अवघडली. यांच्या नकाशांना मोक्ष मिळेपर्यंत आम्ही काय असंच ताटकळायचं?" शेजारीण माझ्या कानाशी पुटपुटली. तिच्या हातात नातवाचे फोटो गिळून बसलेला फोन होता. तिच्यामागे थेट जिन्यापर्यंत माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी विसरलेलं यंत्र.

फाइलबाबा आले होते आमच्या घरी. माझे सासरे इमारतींचे नकाशे काढतात. घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस. धाकटी जाऊ त्यांच्या हाताखाली काम करते, जीव ओतून करते. एका शाळेच्या इमारतीचे नकाशे द्यायची वेळ आली आणि सगळेच्या सगळे कॉम्प्युटरवरून नाहीसे झाले.

पुसले गेले ते जावेच्या हातून, हे खरं. कसे, तेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. महत्त्वाच्या फाइली कॉम्प्युटरच्या कचरापेटीत ठेवायची मामंजींना सवय. "तिथे कोणी उचकपाचक करत नाही," असं त्यांचं शास्त्र. मशीन हळू चालतं म्हणून जावेने पेटी रिकामी केली. पण मामंजींच्या तोंडावर हे बोलणार कोण? विषय निघाला की माझा नवरा पंख्याकडे बघायचा, दीर मोबाइलकडे.

"डोळे मिटा!" फाइलबाबा कडाडले. गळ्यातली सिद्ध डबी त्यांनी कॉम्प्युटरला टेकवली, स्क्रीनवर काळं कापड टाकलं आणि स्वतः डोक्यासकट त्यात शिरले. "यंत्र विसरतं, यंत्राचा आत्मा विसरत नाही! हे मेमरीमाते, जागी हो! मेगाबाइटांच्या माउली, पाव!"

मी डोळे मिटले नाहीत. दोन मुलं वाढवलेल्या बाईला उघडे डोळे मिटल्यासारखे दाखवता येतात. कापड मागून उघडंच होतं, त्यामुळे बाबांच्या मागच्या कपाटाच्या काचेत आतलं सगळं दिसत होतं. डबीच्या बुडातून निघालेलं टोक कॉम्प्युटरमध्ये खुपसलेलं, आणि स्क्रीनवर एक हिरवी पट्टी गोगलगाईच्या गतीने पुढे सरकत होती.

कापड उडालं. नकाशे परत! लोकांनी हात जोडले. मामंजी मात्र चष्मा पुसत म्हणाले, "महाराज, नावं कुठे गेली? नुसते आकडेच दिसतायत."

"ज्या हाताने पुसलं, त्याच हाताने नावं खाल्ली. तो हात यंत्राला पुन्हा लागू देऊ नका."

मामंजी जावेकडे वळले. "ऐकलंस? उद्यापासून ऑफिसात यायचं नाही."

तिने दोन्ही हात हळूच मांडीखाली लपवले.

"महाराज, थांबा. माझाही आत्मा जागा झालाय," मी म्हटलं. त्याच कॉम्प्युटरवरचे लेकीच्या सहलीचे फोटो सगळ्यांदेखत पुसले, कचरापेटीही रिकामी केली. शेजारीण किंचाळली. (दुसरी प्रत माझ्या फोनात होती. मला विज्ञान आवडतं, वेड नाही लागलेलं.) मग माझ्या पेनड्राइव्हवरचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. तीच हिरवी पट्टी, फक्त कापडाविना. फोटो आले, नावांच्या जागी आकडे घेऊन.

"बाईंच्या अंगात आलंय!" बाबा ओरडले.

"हो ना, पेनड्राइव्ह आलाय. तुमच्या डबीतही तोच आहे."

शेजारणीने डबी हिसकावून उघडली. होताच.

मी लोकांना म्हटलं, "पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली म्हणून आतली पानं जात नाहीत. अशा जुन्या डिस्कवर फाइल पुसली की कॉम्प्युटर तेवढंच करतो. नावं अनुक्रमणिकेत होती, ती गेली, पानं राहिली. त्या जागी नवं काही लिहिलं गेलं, तर मात्र कुठलीच माउली पावणार नाही. म्हणून फाइल गेली की आधी मशीन वापरणं थांबवा, जाणत्याला दाखवा. आणि एक प्रत नेहमी दुसरीकडे ठेवा. हात पापी-बिपी नसतात हो."

रांग पांगली. बाबा डबी न घेताच जिना उतरले.

मामंजी मात्र खुर्चीत ताठ. "ते सगळं असू दे. पण पुसलं हिनेच ना? शिकलेल्या मुलीला एवढं कळू नये?"

नवरा पंख्याकडे बघू लागला, दीर मोबाइलकडे. जावेचे हात अजून मांडीखालीच.

दारात उभ्या असलेल्या सासूबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

"अहो, कचऱ्यात तुम्ही टाकलं होतंत. तिने फक्त कचरा काढला."